रोज चालूनही मांड्या का उतरतात? वय आणि पायांचे स्नायू

मुक्ता_नाशिक

प्रश्न बाबांबद्दल आहे. वय ७२. मधुमेह नाही, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी गोदापार्कला तासभर चालतात, पावसातसुद्धा छत्री घेऊन जातात. वजन कित्येक वर्षं तेवढंच आहे. असं असूनही मांड्या उतरल्यात, पोटऱ्या सपाट झाल्यात. जमिनीवर जेवायला बसले तर उठताना कशाला तरी हात टेकावा लागतो. एसटीची पहिली पायरी चढताना दांडा घट्ट धरतात. सपाट रस्त्यावर मात्र माझ्यापेक्षा भरभर चालतात!

रक्ताच्या तपासण्या नीट आहेत. डॉक्टर म्हणाले, वय झालं, चालणं सुरू ठेवा. वय झालं हे मान्य, पण म्हणजे स्नायूच्या आत नेमकं काय झालं? तो बारीक होतो, की त्यातलं काही कायमचं जातं? आणि वजन घटलं नाही तर गेलेल्या स्नायूच्या जागी काय आलं? इथे डॉक्टर, फिजिओ मंडळी आहेत म्हणून विचारते. घरातल्या मोठ्यांचे अनुभवही सांगा. तिळाचं तेल चोळण्याचा सल्ला शेजारच्या काकूंकडून मिळालेला आहे, तो सोडून. :)

सातारी_तर्री

तेल चोळून बरं वाटतं, काकूंना नावं ठेवू नका. :) पण मांडी भरत नाही, हे खरं.

माझं मत असं की हा सगळा खुर्ची-टेबलाचा परिणाम आहे. आमच्या आज्याचं निम्मं आयुष्य उकिडवं बसण्यात गेलं. धार काढायला उकिडवं, भांगलायला उकिडवं, चुलीपुढे, परसाकडेला, सगळीकडे तेच. दिवसभरात किती बैठका व्हायच्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आता उठायचं ते कमरेएवढ्या उंचीवरून. स्नायूला काम द्यायचं नाही आणि वयाला बोल लावायचा!

रविवारचा_ट्रेकर

गोदापार्क सपाट आहे हो ताई. बाबांना हळूहळू पांडवलेणीच्या पायऱ्यांवर न्या.

मुक्ता_नाशिक

@रविवारचा_ट्रेकर, नेलं होतं. चढताना दम लागत नाही, मांड्या भरून येतात. उतरताना पाय लटपटतात. मला तेच कळत नाही. दम आहे आणि बळ नाही, असं कसं?

फिजिओताई

मुक्ता, तुझ्या शेवटच्या वाक्यात बरंच उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मांडीच्या पुढच्या स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू कमी जोर लावतात पण लवकर थकत नाहीत. वेगवान तंतू पटकन आणि जोरात आकसतात, पण लगेच दमतात. मेंदू त्यांना ठरलेल्या क्रमाने कामाला लावतो. आधी लहान चेतापेशींच्या हाताखालचे संथ तंतू, आणि जोर कमी पडला तरच मोठ्या चेतापेशींच्या हाताखालचे वेगवान तंतू. सपाट रस्त्यावर चालायला मुख्यतः संथ तंतू पुरतात. म्हणजे बाबांचे संथ तंतू, हृदय आणि फुप्फुसं रोज तासभर काम करतात. वेगवान तंतूंना त्या तासात फारसं कुणी बोलावतच नाही.

आणि वयानुसार जास्त आक्रसतात ते नेमके हेच वेगवान तंतू. जमिनीवरून उठणं, उंच पायरी चढणं, ठेच लागल्यावर पाय झटकन पुढे टाकून तोल सावरणं, ही सगळी त्यांची कामं. म्हणून दम शाबूत राहतो आणि बळ जातं. उतरताना लटपटण्याचं कारणही तेच. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला वजन पेलून धरायचं असतं.

दुसरं म्हणजे, शरीरात सगळीकडे सारखी झीज होत नाही. ४६८ स्त्री-पुरुषांच्या संपूर्ण शरीराचं एमआरआय करून २००० साली एक मोजणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात पंचेचाळिशीच्या आसपास घट स्पष्ट दिसायला लागते आणि ती वरच्या अंगापेक्षा कमरेखाली जास्त आहे. हात भरलेले आणि पाय काटकुळे अशी ज्येष्ठ मंडळी आपण पाहतोच.

चालणं बंद करू नका. हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी ते हवंच. पण "चालतो म्हणजे पायांचा व्यायाम झाला" ही समजूत मी रोज क्लिनिकमध्ये खोडून काढते आणि अजून खूप खोडायची आहे.

गणिताचे_सर

फिजिओताई, उत्तम प्रतिसाद. पण "आक्रसतात" म्हणजे तंतूंची जाडी कमी होते की संख्या? दोन्हींत मोठा फरक आहे. जाडी भरून काढता येईल. संख्या गेली तर गेली.

स्लाइडवाला

सर, नेमक्या जागी बोट ठेवलंत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, स्नायूंच्या बायॉप्सी पाहणं हे रोजचं काम. दोन्ही कमी होतात.

या विषयातलं एक काम स्वीडनमध्ये लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी केलं, १९८८ साली ते प्रसिद्ध झालं. अचानक मृत्यू आलेल्या, आधी धडधाकट असलेल्या १५ ते ८३ वयाच्या ४३ पुरुषांचा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा अख्खा स्नायू घेऊन त्यांनी आडवे छेद तपासले. बायॉप्सीत आपल्याला कणभर तुकडा मिळतो, त्यावरून एकूण तंतू मोजता येत नाहीत. इथे अख्खा स्नायू हाती होता, म्हणून संख्येबद्दल ठामपणे बोलता आलं. घट पंचविशीच्या सुमारास अगदी हळू सुरू होते, आणि विशी ते ऐंशी या काळात छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. त्याचं मुख्य कारण तंतूंची संख्या घटणं. वेगवान तंतू बारीक होणं हे त्याखालोखाल.

तंतू का जातात? याचं मूळ बऱ्याच अंशी पायात नसून पाठीच्या कण्यात आहे, आणि मला या विषयातलं हेच सर्वात विलक्षण वाटतं. मज्जारज्जूतली एक चेतापेशी शेकडो तंतूंना हुकूम देते. वय वाढतं तशा या चेतापेशी कमी होतात. कॅनडातल्या संशोधकांनी नडगीच्या पुढच्या स्नायूत अशी किती पथकं (एक चेतापेशी आणि तिच्या हाताखालचे तंतू म्हणजे एक पथक) आहेत याचा विद्युत-मापनाने अंदाज घेतला. पंचविशीतल्या तरुणांत सुमारे १५०, पासष्टीच्या आसपास सुमारे ९०, ऐंशीपुढे सुमारे ६०.

चेतापेशी गेली की तिचे तंतू पोरके होतात. शेजारची जिवंत चेतापेशी नवी शाखा फोडून त्यातल्या काहींना आपल्याकडे घेते. ज्यांना कुणी घेत नाही ते सुकतात. हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. तरुण माणसाच्या स्नायूचा छेद रंगवला की संथ आणि वेगवान तंतू बुद्धिबळाच्या पटासारखे मिसळलेले दिसतात. म्हातारपणी एकाच प्रकारच्या तंतूंचे पुंजके दिसू लागतात, कारण दत्तक घेणारी चेतापेशी ज्या प्रकारची, त्या प्रकारचे तंतू होतात. मधूनमधून चेपलेले, टोकदार कोपऱ्यांचे तंतू दिसतात, ते पोरकेच राहिलेले.

या दत्तकविधानात घेणारी बहुधा संथ जातीची चेतापेशी असते. त्यामुळे तंतू वाचला तरी वेग गेला. शिवाय एका चेतापेशीकडे आधीपेक्षा खूप जास्त तंतू आल्याने जोर बारीक-बारीक टप्प्यांत कमी-जास्त करणं अवघड होतं. एका पायावर उभं राहून पायजमा घालताना तोल जातो त्यात याचाही वाटा आहे.

कोकणकडा

बाप रे! पायजमा घालताना भिंतीचा आधार घेणारे आमच्या घरात तिघे आहेत. हा धागा आजच कुटुंबाच्या गटात टाकतो.

मुक्ता_नाशिक

@स्लाइडवाला, खूप आभार. मग वजन का घटलं नाही?

स्लाइडवाला

चरबी. त्वचेखालची नव्हे, स्नायूच्या आतली. तंतूंच्या गठ्ठ्यांमधल्या जागेत चरबीच्या पेशी आणि तंतुमय ऊतक वाढतं. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि मेम्फिस इथल्या सत्तरी ओलांडलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात पाच वर्षांच्या अंतराने मांडीचे सीटी स्कॅन काढले तेव्हा ज्यांचं वजन वाढलं, ज्यांचं घटलं आणि ज्यांचं तेवढंच राहिलं, तिघांच्याही स्नायूंमधली चरबी वाढलेली होती. तेव्हा वजनकाटा याबाबतीत काही सांगत नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट. पायांचं बळ दर वर्षी सुमारे ३ टक्क्यांनी कमी होत होतं आणि स्नायूचं वस्तुमान सुमारे १ टक्क्याने. म्हणजे जेवढा स्नायू दिसायला कमी झाला त्याच्या तिप्पट वेगाने ताकद गेली. उरलेल्या स्नायूची प्रतही घसरते, असा त्याचा अर्थ.

पर्वतीच्या_पायथ्याशी

वजनाचा विषय निघाला म्हणून भर घालतो. आपल्याकडे हा घोटाळा तरुणपणापासूनच असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीय शरीरात त्याच वजनाला स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे याज्ञिक यांनी पुण्यातल्या नवजात बाळांतसुद्धा दाखवलं आहे. म्हणजे म्हातारपणी खर्च करायला आपल्याजवळ शिल्लकच कमी. माझ्या मते चाळिशीतल्या प्रत्येक मराठी माणसाने हे गांभीर्याने घ्यावं.

शंकेखोर

मला वेगळं मत मांडायचंय. कमी होणं हा वयाचा स्वभाव आहे. केस पिकतात, डोळ्यांना चष्मा लागतो, मांड्या उतरतात. १९८९ साली अमेरिकेतल्या रोझेनबर्ग यांनी याला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं, २०१६ पासून तिथे त्याला आजार म्हणून स्वतंत्र क्रमांक मिळाला आणि आता औषधाच्या दुकानात पावडरींचे डबे रांगेने उभे आहेत. सत्तरीतल्या माणसाला "तुम्हाला आजार आहे" असं सांगून घाबरवायचं आणि डबा विकायचा, याला माझा विरोध आहे. मुक्ताताईंचे वडील रोज तासभर चालतात. अजून काय हवं?

सातारी_तर्री

@शंकेखोर, डब्यांबद्दल सहमत. बाकी नाही. चष्मा लागला तर तुम्ही चष्मा लावताच की. "डोळ्यांचा स्वभाव आहे" म्हणून आंधळेपणाने वावरत नाही.

फिजिओताई

@शंकेखोर, तुमची डब्यांबद्दलची चीड मला पटते, आणि तिला पुरावाही देते. बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर एक प्रयोग झाला, १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. काहींना १० आठवडे मांडी-नितंबांच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम, काहींना फक्त पूरक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांचं बळ सरासरी ११३ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे दुपटीहून जास्त. चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची ताकद वाढली. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या दुबळेपणात काही फरक पडला नाही.

म्हणून मी नाव काय द्यावं यावर भांडत नाही. मी एवढंच म्हणते की सत्त्याऐंशीव्या वर्षी जे परत मिळवता येतं ते बहात्तराव्या वर्षी "स्वभाव" म्हणून सोडून देऊ नये. मांडीचं हाड मोडून खाटेला खिळलेले आजोबा आमच्याकडे येतात तेव्हा ते आधी कुठल्या तरी साध्या उंबऱ्याला अडखळलेले असतात. ठेच तरुणांनाही लागते. त्यांचा पाय वेळेवर पुढे येतो.

गणिताचे_सर

माझा मुद्दा अजून उभा आहे. संख्या गेली ती परत येत नाही ना? मग ११३ टक्के आले कुठून?

स्लाइडवाला

सर, गेलेले तंतू परत येतात असं मानायला आधार नाही. बळ दोन ठिकाणांहून येतं. पहिल्या काही आठवड्यांत मुख्यतः मज्जासंस्थेकडून. उरलेल्या चेतापेशी जास्त वेगाने आणि एकत्र हुकूम द्यायला लागतात. त्याच बॉस्टनच्या प्रयोगात मांडीच्या स्नायूचं क्षेत्रफळ जेमतेम २.७ टक्क्यांनी वाढलं होतं, बाकीची सगळी वाढ या हुकमांची. नंतर हळूहळू उरलेले तंतू जाड होतात. तंतूच्या कडेला काही राखीव पेशी असतात, दुरुस्ती आणि वाढीसाठी. म्हातारपणी वेगवान तंतूंजवळच्या या राखीव पेशी कमी होतात, पण वजनाच्या व्यायामाने त्या वाढल्याचं बायॉप्सीत दिसलेलं आहे.

यंत्रअभियंता

माझा पीएचडीचा विषय चालण्याचं यांत्रिकी आहे, म्हणून पोटरीबद्दल थोडं. पोटरीतले तंतू पायाच्या लांबीला समांतर नसतात, ते टाचेच्या कंडरेकडे (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याकडे) तिरके जातात. तिरके असल्यामुळे कमी जागेत जास्त तंतू मावतात. सोनोग्राफीत हा तिरकेपणा सरळ दिसतो आणि कोन मोजता येतो. इटालियन संशोधक नारिची यांच्या गटाने २००३ मध्ये सत्तरीतले पुरुष आणि तिशी-चाळिशीतले पुरुष यांची तुलना केली. वयस्कांत पोटरीच्या तंतूंच्या जुड्या सुमारे १० टक्के आखूड आणि कोन सुमारे १३ टक्के कमी. जुडी आखूड झाली म्हणजे ओळीने जोडलेले आकसणारे घटक कमी झाले, म्हणजे आकसण्याचा वेग कमी. टाचेची कंडराही वयानुसार सैलावते, त्यामुळे स्नायूने ओढलं तरी ती ओढ टाचेपर्यंत पोचायला उशीर होतो.

म्हणून वयस्क माणूस पावलाने जमिनीला मागे रेटून पुढे जाण्याऐवजी नितंबाच्या स्नायूंनी पाय उचलून, ओढून चालतो. चाल ओळखीची वाटली ना?

देहूकर_माउली

रामकृष्णहरी. शंका विचारतो. आषाढी वारीत देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंत आमच्या दिंडीत सत्तरी-पंचाहत्तरीची मंडळी चालतात. आम्ही पाहतो, त्यांचे पाय काटक असतात पण बळ कमी नसतं. मग नुसत्या चालण्याने काही होत नाही असं कसं म्हणता?

सातारी_तर्री

माउली, वारीत नुसतं चालणं कुठे असतं? विसाव्याला जमिनीवर बसायचं, पुन्हा उठायचं. पावली आहे, फुगडी आहे. दिवेघाट चढायचा. आणि ती मंडळी वारीपुरती चालत नाहीत, बाकीचं वर्ष शेतात असतात.

फिजिओताई

सातारी_तर्री यांनी माझं काम केलं. फुगडी आणि पावली म्हणजे वेगवान तंतूंना थेट आमंत्रण. माउली, वारकरी आज्या जमिनीवरून हात न टेकता उठतात, तो व्यायाम त्यांनी कधी सोडलाच नाही. शिवाय आयुष्यभर कष्ट केलेल्या पायांत फरक दिसतो, हे अभ्यासांतही आहे. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी पण कसलेल्या सायकलस्वारांच्या मांडीच्या बायॉप्सी तपासल्या, तर स्नायूच्या बहुतेक गुणधर्मांचा वयाशी फारसा संबंध दिसला नाही. वयाच्या नावावर आपण जे खपवतो त्यातला बराच भाग बसून राहण्याचा असतो.

न्यूजर्सीकर

बसून राहण्यावरून लिहितो. सासूबाई हिवाळ्यात इथे आल्या होत्या. बर्फामुळे बाहेर पडणं बंद, त्यात न्यूमोनिया होऊन रुग्णालयात राहाव्या लागल्या. परत आल्या तेव्हा न्हाणीघराच्या टबचा काठ ओलांडता येईना. आजार बरा झाला होता, छाती स्वच्छ होती, पाय गेले होते. कुणीही आम्हाला आधी सांगितलं नाही की त्यांना रोज खाटेवरून उठवून उभं करा. आम्ही प्रेमाने "पडून राहा, आराम करा" म्हणत राहिलो.

स्लाइडवाला

@न्यूजर्सीकर, हे सगळ्यांनी वाचावं. सरासरी ६७ वयाच्या धडधाकट लोकांना १० दिवस खाटेवर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत पायांतून सुमारे १ किलो चरबीविरहित वस्तुमान गेलं आणि गुडघा सरळ करण्याचं बळ सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. ही निरोगी माणसं होती. ताप, संसर्ग आणि न जाणारं जेवण यांची भर पडली तर काय होत असेल!

म्हापश्याची

गोव्यातून नमस्कार. सगळे व्यायामावर बोलताहेत, ताटाचं काय? माझ्या आईला दात नाहीत म्हणून ती पेज आणि लोणचं यावर दिवस काढायची. आता तिला काटे काढून बांगडा देते, अंडं देते. शीत-कडी तर हवीच, पण नुसती कडी ओतून भागत नाही, आतला मासा खायला हवा.

साजूक_तूप

आमच्याकडे शाकाहार. सासरे सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, रात्री खिचडी. हलकं खायचं म्हणून. यात प्रथिनं किती?

पर्वतीच्या_पायथ्याशी

@साजूक_तूप, हिशेब मांडून बघा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं अशी आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. ज्येष्ठांसाठी बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे ६० ते ७२. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच्या पुढे जात नाही. पोह्यांत शेंगदाणे वाढवा, जेवणात घट्ट उसळ, रोज दही, पनीर किंवा दूध. वरण पळीवाढं नको, घट्ट करा. सगळं रात्रीच्या ताटात ढकलण्यापेक्षा तिन्ही वेळेला वाटून. म्हातारपणी स्नायू प्रथिनांना थंड प्रतिसाद देतो, लहानशा मात्रेने तो हलत नाही.

डॉ_घोटा

मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचाराच. आणि आणखी एक गोष्ट या धाग्यात यायला हवी. सगळंच वयावर घालू नका. पुढच्या गोष्टी असतील तर आधी तपासणी:

एकाच पायाची मांडी किंवा पोटरी बारीक झाली असेल. काही आठवड्यांत झपाट्याने बळ गेलं असेल. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की थांबते असं होत असेल (रक्तवाहिन्या तपासा). चालताना दोन्ही पाय जड होतात आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं असं असेल (कण्यातली जागा अरुंद झालेली असू शकते). पावलांना मुंग्या, बधिरपणा असेल. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुरू झाल्यापासून मांड्या दुखत असतील, तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोला. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व पाहून घ्या.

आजोबा_आहे_मी

माझं वय ७८. गुडघ्यांची झीज आहे, दोन्ही. डॉक्टरांनी मांडी घालून बसायला मना केलंय. "उकिडवे बसा, जमिनीवरून उठा" हे वाचून वाईट वाटलं, कारण मला ते शक्य नाही. पण माझ्यासारख्यांनी निराश होऊ नये म्हणून लिहितो. फिजिओने मला उंच खुर्चीवर उशी ठेवून त्यावरून उठ-बस करायला लावली. मग उशी काढली. मग पायाला वाळूची पट्टी बांधून गुडघा सरळ करणं. गुडघ्याचं दुखणं पूर्ण गेलं नाही, कमी नक्की झालं. मी आता नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला जातो आणि त्याचं दप्तर मी घेतो. सून रागावते, पण दप्तराचं वजन मला हवं असतं.

कोकणकडा

आजोबा, दप्तराला वंदन! शाळावाले दप्तराचं ओझं कमी करा म्हणतात, तुम्ही त्याचा उपयोग केलात. :)

शंकेखोर

आजोबांचा प्रतिसाद आवडला. माझा विरोध डब्यांना आहे आणि तो राहील. व्यायामाला नाही. पण एक विचारतो, बाबांना हे खरंच झालंय की आपण अंदाजाने बोलतोय? घरी कळण्याचा काही उपाय?

फिजिओताई

आहे. मुक्ता, हे तुझ्यासाठीच. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये आपल्या बांध्याला धरून निकष दिलेत. बिनहाताच्या साध्या खुर्चीवर बसायचं, हात छातीवर घडी घालून, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी करायची. शेजारी कुणीतरी उभं राहा, खुर्ची भिंतीला टेकवा. पोटरीचा घेर जिथे सर्वात जास्त तिथे शिंप्याच्या टेपने मोजा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ पेक्षा कमी असेल तर लक्ष द्या. पाय सुजलेले असतील तर घेर फसवा येतो. हाताच्या पकडीचं बळ आमच्याकडे यंत्रावर मोजतो, पुरुषांत २८ किलोच्या आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली असेल तर बळ कमी.

आता तुझा मूळ प्रश्न. बाबांचे तंतू संख्येने कमी झालेत, वेगवान तंतू बारीक झालेत, मधे चरबी शिरली आहे, म्हणून वजन तेवढंच. चालणं चालू राहू दे, पण आठवड्यातून दोन-तीनदा, मधे एक दिवस सोडून, पायांवर भार टाकणारा व्यायाम हवा. खुर्चीवरून उठ-बस, बसताना सावकाश, उठताना जोरात. भिंतीला धरून टाचा उचलणं. पायरीवर एकाच पायाने चढणं-उतरणं, कठड्याला हात ठेवून. शेवटच्या दोन-तीन वेळा कठीण वाटल्या पाहिजेत. सहज पंधरा-वीस वेळा व्हायला लागलं की वजन वाढवा, पाठीवर पिशवीत दोन पुस्तकं चालतील. आजोबांसारखं आधी कुणा फिजिओकडून एकदा बघून घ्या. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, त्याला घाबरून सोडू नका. सांधा दुखला तर मात्र थांबा.

आणि कृपा करून त्यांच्या हातातलं सामान काढून घेऊ नका. पाण्याची घागर, भाजीची पिशवी, गॅलरीतल्या कुंड्या. आपण मोठ्यांची कामं काढून घेतो ती मायेपोटी, पण त्यांच्या पायांतून जोर लावण्याचे मोजके प्रसंगही त्याबरोबर जातात.

मुक्ता_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्ताच खुर्ची भिंतीला लावून पाहिलं, १२ सेकंदांच्या पुढे गेले. पोटरीचा घेर ३४ च्या खाली आहे. बाबांनी तुमचे प्रतिसाद माझ्याशेजारी बसून वाचले, पुंजक्यांचा भाग दोनदा वाचायला लावला. ते म्हणतात, चेतापेशींनी पोरक्या तंतूंना दत्तक घेणं हे फार आवडलं.

त्यांचा एक प्रश्न आहे. रक्तदाबाची गोळी चालू असताना जोर लावला तर दाब वाढणार नाही का?

डॉ_घोटा

जोर लावताना श्वास कोंडला तर दाब एकदम चढतो, तेव्हा श्वास कधीही कोंडू नका. उठताना तोंडाने श्वास सोडा, बसताना घ्या. मोठ्याने आकडे मोजत उठलं तरी चालतं, बोलताना श्वास कोंडत नाही. दाब आधी काही दिवस मोजून ठेवा. वरचा आकडा १६० च्या पुढे राहत असेल तर आधी गोळी ठीक करून घ्या, मग सुरुवात. छातीत दुखणं, घेरी असं काही झालं तर थांबून डॉक्टरांकडे.

फिजिओताई

बरोबर. आणि उठून उभं राहिल्यावर लगेच चालायला लागू नका म्हणावं. रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. खुर्चीच्या पाठीला हात लावून दोन श्वास घ्यायचे, मग पाऊल.